वेब पानाचे शीर्षक कसे लिहावे – मराठी संकेतस्थळांसाठी

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील एका मराठी मंडळाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे होते. गणेशोत्सवाचे वेळापत्रक, वाचनालयाच्या वेळा, सभासदत्वाचा अर्ज, नाटकाच्या तिकिटांची माहिती अशी चाळीसेक पाने मी तयार केली आणि प्रत्येक पानाच्या शीर्षकाच्या जागी मंडळाचे लांबलचक पूर्ण नाव तेवढे टाकले. मजकूर तपासलेला होता, छायाचित्रे जागच्या जागी होती, म्हणून काम पुरे झाले असे मी समजलो. पुढे मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी फोन करून विचारले, ‘‘मी पाच पानं उघडून ठेवली आहेत, त्यांतलं तिकिटांचं कोणतं ते कसं ओळखू?’’ त्यांच्या ब्राउझरमध्ये पाच टॅब होते आणि पाचांवर मंडळाच्या नावाची तीच पहिली काही अक्षरे दिसत होती. चूक सर्वस्वी माझी होती. ती दुरुस्त करताना मराठी शीर्षकाविषयी जे उमगले, ते येथे मांडत आहे.

शीर्षक कोठे असते आणि कोठे दिसते

प्रत्येक वेब पानाच्या मूळ कोडमध्ये ‘हेड’ नावाचा एक भाग असतो, जो वाचकाला पानावर दिसत नाही. या भागातील ‘टायटल’ टॅगमध्ये, म्हणजे त्या नावाच्या कोडमधील खुणेत, जी ओळ लिहिली जाते, तिला पानाचे शीर्षक म्हणतात. पानावर ठळक अक्षरांत दिसणारा मथळा वेगळा. तो ‘एच-वन’ टॅगमध्ये असतो. मथळा पान उघडल्यावर दिसतो, तर शीर्षक पान उघडण्याआधी आणि पान नजरेआड गेल्यावर उपयोगी पडते. शोधाच्या निकालातील ठळक ओळ, ब्राउझरचा टॅब, बुकमार्कची यादी आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास या सर्व ठिकाणी तेच समोर येते. व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवला असता दिसणारी ओळ सामान्यतः ‘ओजी टायटल’ या निराळ्या टॅगमधून घेतली जाते, परंतु तो टॅग रिकामा असेल तर तेथेही शीर्षकच उचलले जाते. दृष्टिहीन वाचक वापरतात ते स्क्रीन रीडर पान उघडताच आधी शीर्षक वाचून दाखवते. म्हणूनच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पानाला त्याचा विषय सांगणारे शीर्षक असावे, ही अट अगदी पायाच्या, म्हणजे ‘ए’ पातळीवर घातलेली आहे.

ही जाण नवी नाही. एचटीएमएल या वेब पाने लिहिण्याच्या भाषेच्या १९९५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या तपशीलपत्रातच शीर्षक अनिवार्य ठरवले होते, ते ६४ अक्षरांपेक्षा कमी ठेवावे असे सुचवले होते आणि ‘प्रस्तावना’ यासारखे शीर्षक संदर्भ सुटल्यावर निरर्थक ठरू शकते, असे बजावले होते. बडोदेकरांना तर याचा दाखला घरचाच मिळेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना येथे आणून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली. ग्रंथालयाच्या तालिकेतील कार्ड वाचणाऱ्यापुढे पुस्तक नसते. कपाटापर्यंत जावे की न जावे, हे तो त्या एका कार्डावरून ठरवतो. शोधाच्या निकालांची यादी वाचणारा माणूस नेमक्या याच अवस्थेत असतो.

आपल्या पानाचे सध्याचे शीर्षक काय आहे ते पाहण्यासाठी संगणकावर ब्राउझरच्या टॅबवर माउस क्षणभर ठेवावा, म्हणजे पूर्ण ओळ दिसते. अनेकांना या तपासणीतच धक्का बसतो. ‘होम’, ‘मुख्यपृष्ठ’, ‘नवीन पान’, किंवा वर्डप्रेसची जुनी आयती टॅगलाइन ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साइट’ ही शीर्षके आजही चांगल्या चांगल्या संस्थांच्या पानांवर आढळतात.

मराठी वाक्यरचनेची अडचण

शीर्षक लिहिण्याविषयीचे बहुतेक सल्ले इंग्रजी भाषा गृहीत धरून दिलेले असतात. मुख्य शब्द आरंभी आणावा, हा त्यांतील सर्वांत उपयुक्त सल्ला. निकालांची यादी वाचणारा डाव्या बाजूने नजर खाली सरकवत जातो, प्रत्येक ओळीचे पहिले एक-दोन शब्द पाहतो आणि त्यांत आपल्या कामाचे काही नसेल तर पुढे जातो. सल्ला खरा आहे. मात्र मराठीत तो पाळणे इंग्रजीपेक्षा अवघड जाते, कारण आपल्या भाषेत विशेषणे आणि त्यांचा सगळा परिवार आधी येतो आणि ज्याविषयी बोलायचे ते नाम सर्वांत शेवटी येते. एका घरगुती व्यवसायाच्या पानासाठी सुचवलेले शीर्षक पाहावे:

बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी घरगुती पद्धतीने तयार केलेल्या दिवाळी फराळाची घरपोच सेवा

वाक्यांश म्हणून यात खोट काढता येणार नाही. परंतु पहिले सात शब्द वाचून झाले तरी वाचकाला हे पान फराळाचे आहे, लोणच्याचे आहे की गोधडीचे, हे कळत नाही. आणि मोबाइलवर ओळ कापली गेली तर नेमका कामाचा भागच गळून पडतो. उपाय असा, की नाम उचलून आरंभी ठेवावे आणि त्याची विशेषणे मागे, तुकड्यांनी जोडावीत:

दिवाळी फराळ घरपोच – घरगुती चकली, करंजी, अनारसे – बडोदा

दुसरी ओळ वाक्य म्हणून तुटक वाटते, आणि भाषेवर प्रेम असणाऱ्याला ती थोडी खटकतेही. मला स्वतःला या तुटकपणाची सवय व्हायला वेळ लागला. तथापि दुकानाच्या पाटीकडून कोणी वाक्याची अपेक्षा करत नाही, आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातून चालताना आपण पाट्या वाचतो त्याच वेगाने शोधाचे निकाल वाचले जातात.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘बडोदा’ या शब्दाला प्रत्यय लागला की तो ‘बडोद्यात’, ‘बडोद्याचा’, ‘बडोद्यातील’ असा बदलतो. ‘राजवाडा’ हा ‘राजवाड्याची’ होतो, ‘पाणी’ हे ‘पाण्याचे’ होते. ‘फराळ’चे ‘फराळाची’ झाले तरी मूळ शब्द आरंभी शाबूत राहतो, परंतु ‘बडोदा’चे ‘बडोद्या’ झाल्यावर अक्षरेच बदलतात. शोधणारा माणूस बहुतेक वेळा शब्द प्रत्ययाविना टंकतो: ‘राजवाडा बडोदा वेळ’. शोधयंत्रे शब्दांची रूपे बऱ्याच अंशी ओळखतात, पण त्यावर सगळी भिस्त ठेवण्याचे कारण नाही, आणि वाचकाच्या डोळ्यालाही आपण टंकलेला शब्द जसाच्या तसा दिसला की तो तेथे थांबतो. म्हणून मुख्य शब्द शीर्षकात प्रथमा विभक्तीत, प्रत्ययरहित येईल अशी रचना करावी. ‘लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दर्शनाच्या वेळांची माहिती’ असे लिहिण्याऐवजी ‘लक्ष्मी विलास राजवाडा, बडोदा – पाहण्याच्या वेळा आणि तिकीट’ असे लिहिले, तर चारही महत्त्वाचे शब्द सुटे आणि ओळखू येतील असे राहतात. ‘विषयी माहिती’, ‘संबंधी सविस्तर विवेचन’ हे शब्द निःसंकोच गाळावेत. पान माहिती देण्यासाठीच असते.

कोणता शब्द लोकांचा

शब्दांची निवड करताना आपण काय म्हणतो यापेक्षा शोधणारा काय टंकतो याला महत्त्व द्यावे लागते. ‘विवाह सभागृह’ लिहिणाऱ्याने एकदा विचार करावा, की मुलीचे लग्न ठरलेले वडील ‘मंगल कार्यालय’ हेच शब्द टंकणार, आणि त्यांचा भाचा कदाचित ‘हॉल’. ‘पाककृती’ हा शब्द मला प्रिय आहे, पण ‘रेसिपी’ टंकणारे पुष्कळ आहेत. गुगलच्या चौकटीत शब्द अर्धवट टंकल्यावर जी वाक्ये आपोआप सुचवली जातात, ती लोकांच्या शोधांवरूनच आलेली असतात; दहा मिनिटे ती वाचण्यात घालवली तरी आपल्या कल्पनेतील लोक आणि खरे लोक यांतील अंतर लक्षात येते.

बडोद्यात हा प्रश्न शहराच्या नावापासूनच सुरू होतो. मराठी माणूस बडोदा म्हणतो, जुन्या पुस्तकांत बडोदे असते, गुजराती शेजारी वडोदरा म्हणतात, आणि इंग्रजी वळणाचे बरोडा अनेक संस्थांच्या नावांत टिकून आहे. १९७४ साली शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, परंतु १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नावात आजही बरोडाच आहे, आणि रेल्वे स्थानकावर वडोदरा लिहिलेले असले तरी त्याचा संक्षेप बीआरसी आहे. अशा वेळी चारही नावे एका ओळीत कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा, ‘फराळ बडोदा फराळ वडोदरा फराळ बरोडा’ ही ओळ वाचकाला फसवणुकीची वाटते आणि शोधयंत्रेही शब्दांची अशी भरताड चांगली मानत नाहीत. माझा नियम असा आहे: पान ज्याच्यासाठी आहे त्याच्या तोंडचे एक नाव शीर्षकात ठेवावे आणि दुसरे पानाच्या पहिल्या परिच्छेदात स्वाभाविकपणे येऊ द्यावे. मंडळाच्या पानांवर मी बडोदा ठेवले. बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांसाठीच्या पानावर मात्र वडोदरा ठेवले, कारण त्यांच्या तिकिटावर तेच छापलेले असते.

याच जातीचा एक प्रश्न सेव उसळीच्या पानाच्या वेळी आला. मराठीत शब्द शेव आहे, आणि ‘शेव उसळ’ लिहिले नाही तर आमच्या पिढीतील काही जण भुवया उंचावतात. परंतु येथील गाड्यांवर सर्वत्र सेव उसळ लिहिलेले असते, पुण्याहून आलेला पाहुणाही बडोद्यात आल्यावर तोच शब्द ऐकतो आणि परत गेल्यावर तोच शोधतो. शेवटी शीर्षकात सेव आणि मजकुरात शेव अशी तडजोड केली.

शीर्षकाची लिपी आणि भाषा पानाच्या मजकुराशी जुळणारी असावी. मजकूर मराठीत आणि शीर्षक रोमन लिपीत, अशी रीत बरीच रूढ होती. जून २०२२ मध्ये गुगलने आपल्या पद्धतीत अशी सुधारणा केली, की शीर्षकाची भाषा किंवा लिपी मजकुरापेक्षा वेगळी असेल तर निकालात मजकुराशी जुळणारे दुसरे शीर्षक निवडता यावे. म्हणजे रोमन शीर्षक लिहून जो फायदा अपेक्षित असेल तो हाती लागेलच असे नाही, आणि वर आपल्या ओळीवरील ताबाही जातो.

लांबी

गुगलने शीर्षकाला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. ओळ पडद्याच्या रुंदीनुसार कापली जाते. इंग्रजीसाठी पन्नास ते साठ अक्षरांचा जो ठोकताळा सांगितला जातो, तो देवनागरीला लावताना घोळ होतो, कारण मोजणी करणारी साधने आपण ज्याला अक्षर म्हणतो ते मोजत नाहीत. ‘लक्ष्मी’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, मात्र ल, क, हलंत, ष, हलंत, म आणि दीर्घ वेलांटी असे सात घटक होतात. ‘स्त्री’ हे एक अक्षर तेथे सहा घटकांचे आहे. त्यामुळे मोजणीच्या साधनाने ओळ फार लांब असल्याचा लाल रंग दाखवला तरी ओळ पडद्यावर आरामात मावू शकते. उलट बाजूने, रुंद अक्षरांची ओळ हिरवा रंग मिळूनही कापली जाऊ शकते. म्हणून साधनाच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा उच्चारातली अक्षरे मोजावीत, पहिल्या तिसांच्या आत पानाचा विषय पूर्ण सांगून टाकावा, आणि त्यापुढचे सर्व कापले गेले तरी चालेल असे समजून लिहावे. जुन्या प्रणालींत आणखी एक खाच असते: काही ठिकाणी शीर्षकाची जागा बाइटमध्ये मोजलेली असते, आणि देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतो. साठ बाइटची जागा वीस घटकांत संपते आणि शब्द मध्येच तुटतो.

युनिकोडच्या आधीच्या काळातील टंकातून (फाँटमधून) मजकूर उचलून शीर्षकात चिकटवू नये. पानावर तो टंक जोडलेला असल्याने मजकूर मराठी दिसतो, परंतु टॅबवर आणि शोधाच्या निकालात टंक जोडता येत नाही, त्यामुळे तेथे रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका उमटतो.

विरामचिन्हांची एक गंमत सांगितली पाहिजे. इंग्रजी शीर्षकांत दोन भाग वेगळे करण्यासाठी उभी रेघ सर्रास वापरतात. देवनागरीत तीच रेघ दंडासारखी दिसते, आणि ‘वाचनालय’ पुढे उभी रेघ आली की एखाद्या ओवीचा चरण संपल्यासारखे वाटते. अपूर्णविरामाचे दोन ठिपके शब्दाला चिकटून आले तर विसर्गासारखे दिसतात. म्हणून दोन्ही बाजूंना जागा सोडून आडवी रेघ द्यावी आणि संपूर्ण संकेतस्थळावर तीच पद्धत ठेवावी. अंकांचेही तसेच: मजकुरात देवनागरी अंक असतील तर शीर्षकातही तेच ठेवावेत.

गुगल शीर्षक का बदलते

आपण लिहिलेले शीर्षक निकालात जसेच्या तसे दिसेल याची हमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने निकालातील शीर्षके तयार करण्याची नवी पद्धत जाहीर केली. पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितले, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचे मूळ शीर्षक वापरले जाते. उरलेल्या वेळी ओळ पानाच्या मथळ्यातून, अन्य ठळक मजकुरातून किंवा त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांच्या शब्दांतून घेतली जाते. हे सहसा तेव्हा घडते, जेव्हा शीर्षक अर्धवट असते, अनेक पानांवर तेच असते, किंवा मजकुराशी जुळत नाही. माझ्या त्या चाळीस पानांपैकी काहींची शीर्षके निकालात बदललेली दिसली, आणि खरे सांगायचे तर ती माझ्यापेक्षा बरी होती.

जुने वर्ष हे न जुळण्याचे एक नेहमीचे कारण. दरवर्षी नव्याने भरणाऱ्या पानावर वर्ष लिहिले की ते दरवर्षी बदलण्याची जबाबदारी येते. ती कोण घेणार हे ठरलेले नसेल तर वर्ष लिहूच नये. ‘गणेशोत्सव वेळापत्रक’ या पानावर गेल्या वर्षीचा आकडा राहिला, तर यंदाच्या तारखा आत बरोबर असूनही कोणी पान उघडत नाही. घडून गेलेल्या प्रसंगाच्या पानावर मात्र वर्ष अवश्य हवे. बडोद्यात मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले आणि ९१वे संमेलन फेब्रुवारी २०१८ मध्ये येथेच झाले. ‘बडोदा साहित्य संमेलन’ एवढेच शीर्षक असलेले पान यांपैकी कोणते, हे आकड्यावाचून कळणार नाही.

संस्थेचे किंवा दुकानाचे नाव शीर्षकात असावे का? मुख्य पानावर ते आरंभी असावे. आतल्या पानांवर शेवटी, आणि तेही लहान रूपात. २०२२ पासून गुगल निकालात संकेतस्थळाचे नाव ओळीच्या वर वेगळे दाखवू लागले आहे, त्यामुळे ते प्रत्येक शीर्षकात पूर्ण लिहिण्याची गरज आणखी कमी झाली आहे. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’, ‘विश्वसनीय’ या शब्दांनी जागा अडते. त्याऐवजी भाव, भाग, वेळ किंवा प्रकार यांपैकी काही ठोस लिहावे.

मथळा आणि शीर्षक यांत थोडा फरक असण्यास हरकत नाही. पानावर वर संस्थेचे नाव आणि चिन्ह दिसत असते, तेव्हा मथळा ‘वेळा आणि नियम’ एवढा पुरतो. शीर्षकाला मात्र ‘वाचनालय – वेळा आणि नियम’ असे स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. दोन्ही एकाच गोष्टीविषयी असावीत, इतकेच पाहावे. शीर्षकात ‘मोफत’ आणि आत वर्गणीचा तक्ता असला, तर आलेला माणूस मागे फिरतो आणि पुन्हा येत नाही.

दुरुस्तीचे काम

सर्व पानांची यादी एका तक्त्यात करावी: पहिल्या रकान्यात पत्ता, दुसऱ्यात सध्याचे शीर्षक, तिसऱ्यात या पानावर कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते ते एका वाक्यात, आणि चौथ्यात नवे शीर्षक. तिसरा रकाना टाळू नये; चौथ्यातील शब्द बहुधा तेथूनच निघतात. त्यानंतर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकाला शोधांची नोंद दाखवणाऱ्या साधनात, पाहावे, की कोणते पान निकालात पुष्कळ वेळा दिसते पण त्यावर क्लिक फार थोडे होतात. तेथे सोळा महिन्यांपर्यंतची नोंद मिळते, आणि लोकांनी कोणते शब्द टंकले हेही दिसते. अशी पाने आधी दुरुस्त करावीत. बदल केल्यावर निकालात तो दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर पुन्हा पुन्हा शब्द बदलत बसू नये, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळत नाही.

नवी शीर्षके लावण्यापूर्वी केवळ चौथा रकाना छापून अशा माणसाच्या हाती द्यावा, ज्याने ही पाने बनवलेली नाहीत, आणि प्रत्येक ओळीखाली काय असेल ते त्याला सांगावयास लावावे. मी तो कागद फोन करणाऱ्या त्याच सभासदांकडे नेला. त्यांनी तिकिटांचे पान लगेच ओळखले. मग ‘संपर्क’ आणि ‘पत्ता व संपर्क’ या दोन ओळींवर बोट ठेवून ही दोन पाने निरनिराळी का आहेत, असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून एक पान काढून टाकले आणि त्याचा जुना पत्ता दुसऱ्याकडे वळवला.